रक्तदानाचा दिवस कोणाच्या खाती?

म्हैसूरला मानसगंगोत्रीच्या परिसरात भारतीय भाषा संस्था आहे. 1969 साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था. मराठीसह देशभरातल्या भाषांवर तिथे काम चालते आणि पुण्यातले पश्चिम क्षेत्रीय भाषा केंद्र हे तिचेच एक अंग आहे. या संस्थेतला कायम नोकरीतला माणूस कामाच्या दिवशी परवानाधारक रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन आला, तर त्या दिवसापुरती त्याला विशेष नैमित्तिक रजा मिळू शकते. पगार कापला जात नाही, वर्षाच्या नैमित्तिक रजांतून एक वजा होत नाही आणि आजारपणासाठी राखून ठेवलेल्या रजेलाही हात लागत नाही. अर्जाला रक्तपेढीचा दाखला जोडायचा, एवढेच.

ही सवलत एकट्या या संस्थेची नव्हे. केंद्र सरकारच्या सगळ्याच कर्मचाऱ्यांना ती आहे. रक्त देणाऱ्याला त्या दिवसाची रजा देण्याची पद्धत केंद्रात जुनीच होती. 2017 संपता संपता कार्मिक व प्रशिक्षण विभागाने तिचे नवे परिपत्रक काढले आणि यंत्रातून फक्त प्लेटलेट किंवा प्लाझ्मा देणाऱ्यांनाही तिच्यात घेतले. वर्षातून जास्तीत जास्त चार वेळा, फक्त कामाच्या दिवशी, फक्त त्याच दिवसापुरती आणि दान केल्याचा पुरावा दिल्यावर, अशा तिच्या अटी आहेत. चार हा आकडा रक्तदानाच्या नियमांशी बरोबर जुळतो. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये 90 दिवसांचे अंतर ठेवावे लागते, म्हणजे वर्षाला चार वेळा. स्त्रीला 120 दिवसांचे, म्हणजे तीन वेळा.

आता अशाच एखाद्या सरकारी कार्यालयाच्या फाटकावर उभा असलेला सुरक्षारक्षक घ्या. तो कंत्राटदाराचा माणूस, त्यामुळे परिपत्रकातल्या ‘केंद्र सरकारचे कर्मचारी’ या शब्दांत तो बसत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बंडीपाळ्याच्या बाजार समितीत पोती उतरवणाऱ्या हमालाला तर रजा नावाची वस्तूच नाही. जितकी पोती उचलली तितकी मजुरी, आला नाही तर खाडा. या दोघांनी रक्त दिले तर रुग्णाला त्याचा उपयोग तितकाच होतो. पिशवीवर रक्तगट लिहिलेला असतो, दात्याचा हुद्दा कोणी लिहीत नाही. पण त्या दिवसाची किंमत सरकारी कर्मचाऱ्याच्या बाबतीत सरकार भरते आणि या दोघांच्या बाबतीत त्यांचे घर भरते. रक्तदात्याला रजा द्यावी का, हा प्रश्न मानवसंसाधन विभागाच्या टेबलावर येतो तेव्हा हा भाग सहसा चर्चेतच येत नाही, म्हणून या प्रकरणात आपण तिथूनच सुरुवात करू.

आधी मुळात वेळ किती लागतो ते पाहू. रक्त प्रत्यक्ष पिशवीत उतरायला आठ-दहा मिनिटे पुरतात, आणि ‘अर्ध्या तासाचे तर काम, त्याला रजा कशाला?’ हा आक्षेप या आठ-दहा मिनिटांवरच उभा असतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे बरेच काही घडते. दात्याने पोटात अन्न घेऊन यायचे असते, उपाशीपोटी रक्त घेत नाहीत. मग प्रश्नावली भरायची: अलीकडे ताप आला होता का, कावीळ झाली होती का, कोणती औषधे चालू आहेत, गोंदवून घेतले आहे का, शस्त्रक्रिया झाली आहे का. वजन 45 किलोच्या खाली असेल तर परत पाठवतात. 350 मिलिलिटर रक्तासाठी 45 किलो पुरतात, 450 मिलिलिटर द्यायचे तर 55 किलोंहून जास्त लागतात. नाडी, रक्तदाब, तापमान बघतात.

मग हिमोग्लोबिन. आता बऱ्याच ठिकाणी त्यासाठी छोटे यंत्र असते, पण मोरचुदाच्या द्रावणाची जुनी परीक्षाही चालते आणि ती पाहण्यासारखी असते. काचेच्या भांड्यात निळेशार द्रावण असते. त्याची घनता 1.053 इतकी काटेकोर ठेवलेली असते. बोटाला टोचून आलेला रक्ताचा थेंब सेंटिमीटरभर उंचीवरून त्यात सोडतात. थेंबाभोवती लगेच पातळ कवच धरते आणि तो क्षणभर अखंड राहतो. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसे असेल तर थेंब द्रावणापेक्षा जड ठरतो आणि पंधरा सेकंदांच्या आत सरळ तळाला जातो. कमी असेल तर तो मध्येच रेंगाळतो, कधी वर येतो. डेसिलिटरला 12.5 ग्रॅम ही सीमा आहे आणि स्त्री-पुरुष दोघांनाही ती एकच आहे. हे सगळे पार पडले की मग खाट, दंडावर पट्टा, हातात दाबायला चेंडू आणि सावकाश हलणाऱ्या पाळण्यावर ठेवलेली पिशवी. 350 मिलिलिटरच्या पिशवीत 49 मिलिलिटर द्रावण आधीच भरलेले असते. रक्त त्यात सारखे मिसळत राहिले नाही तर गुठळी धरते, म्हणून पाळणा थांबू द्यायचा नाही. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे विश्रांती, सरबत, बिस्किटे. जाण्या-येण्याची धावपळ आणि रांग धरली तर दोन-अडीच तास सहज जातात. यंत्रातून प्लेटलेट द्यायच्या असतील तर तेवढा वेळ दाता खुर्चीतच असतो, आणि त्याच्या रक्ताच्या चाचण्या आधी करून घ्याव्या लागतात.

शरीराचा हिशेब त्याहून लांब चालतो. गेलेला द्रवभाग दिवस-दोन दिवसांत भरून निघतो. तांबड्या पेशी भरून यायला काही आठवडे लागतात, लोहाचा साठा तर काही महिन्यांनी पूर्ववत होतो. बहुतेक निरोगी दात्यांना यातले काही जाणवतही नाही. थोड्यांना घेरी येते, बहुधा खाटेवरून उठताना. क्वचित ती काही तासांनी येते. टेबलाशी बसलेल्या माणसाला घेरी आली तर तो डोके टेकून बसतो. शिडीवर चढलेल्या, वळणावळणाच्या घाटात बस हाकणाऱ्या किंवा पाठीवर पोते घेतलेल्या माणसाला तीच घेरी आली तर काय होईल, हे सांगायला नको.

आपल्या नियमांनी हे ओळखलेले आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचे रक्तपेढ्यांचे नियम 2020 च्या मार्चमध्ये सुधारले गेले. त्यात दात्याच्या व्यवसायाचा स्वतंत्र उल्लेख आहे. विमानातले कर्मचारी, लांब पल्ल्याचे वाहनचालक, खूप उंचीवर किंवा समुद्रसपाटीखाली काम करणारे, आपत्कालीन सेवेतले आणि अंगमेहनतीचे काम करणारे, यांनी पुढच्या पाळीच्या आधी निदान 24 तास रक्त देऊ नये. रात्रपाळी करून पुरेशी झोप न घेता आलेल्याचे रक्त घेऊ नये. नियम चांगला आहे, दात्याच्या जिवाची काळजी करणारा आहे. पण तो रक्तपेढीला बांधलेला आहे, मालकाला नाही. रक्तपेढीने दात्याला विचारायचे, की उद्या सकाळपर्यंत तुला काम नाही ना? दात्याने काय सांगायचे? म्हैसूरहून उटीला किंवा वायनाडला गाडी नेणाऱ्या चालकाने खरे सांगितले तर तो परत पाठवला जातो. खोटे सांगितले तर स्वतःला आणि गाडीतल्या माणसांना धोक्यात घालतो. आणि खरोखर 24 तास मोकळे काढायचे ठरवले तर एक पाळी बुडते. म्हणजे ज्याला कायद्यानेच पूर्ण दिवसाची विश्रांती सांगितली आहे, त्याला तो दिवस देण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर टाकलेली नाही. आणि ज्याचे काम अर्ध्या दिवसात भागू शकते, त्याला पूर्ण दिवस भरपगारी मिळतो. सरकारी कर्मचाऱ्याची रजा काढून घ्या असे मी मुळीच म्हणणार नाही. ती राहावी. पण या दोन नियमांना एकमेकांची ओळख करून द्यायला हवी.

‘मग रविवारी द्या की रक्त! शिबिरे रविवारीच तर असतात.’ हेही नेहमी ऐकू येते. याचे उत्तर रक्तपेढीच्या शीतकपाटात आहे. तांबड्या पेशी 2 ते 6 अंशांवर 35 दिवस टिकतात, पोषक द्रावण घातले तर 42. गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर राहतो. प्लेटलेटचे मात्र तसे नाही. त्यांना थंडी सोसत नाही. 20 ते 24 अंशांवर, सतत हलत्या फळीवर त्या ठेवाव्या लागतात आणि पाचच दिवस वापरता येतात. रविवारच्या भव्य शिबिरातून निघालेल्या प्लेटलेट शुक्रवारपर्यंत वापरल्या नाहीत तर टाकून द्याव्या लागतात, आणि शनिवारी डेंग्यूच्या किंवा रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला लागल्या तर नवा दाता शोधावा लागतो. पावसाळ्यानंतर डेंग्यू वाढतो तेव्हा हे दरवर्षी घडते. शिबिरांच्या तारखा सण, जयंत्या, नेत्यांचे वाढदिवस यांच्याभोवती गोळा होतात. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालये बंद, दिवाळीत सगळे गावी, आणि रक्तपेढ्यांचे आवाहन वर्तमानपत्रात येते. कोरोनाच्या काळात कार्यालये आणि महाविद्यालये बंद पडली आणि महाराष्ट्रात रक्ताचा साठा इतका घसरला की सरकारला पुन्हा पुन्हा आवाहन करावे लागले. रक्तसंकलन नोकरीच्या आणि शिक्षणाच्या जागांवर किती अवलंबून आहे हे तेव्हा उघड झाले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासात देशाची वैद्यकीय गरज वर्षाला सुमारे 1.46 कोटी युनिट इतकी काढली होती. ही गरज आठवड्याच्या सातही दिवसांत विभागलेली असते. मंगळवारी, बुधवारी रक्तपेढीची पायरी चढणारा दाता म्हणून मोलाचा, आणि मंगळवारी-बुधवारी नोकरदार माणूस रजेशिवाय येऊ शकत नाही.

रजा दिली तर ते रक्त विकत घेतल्यासारखे होईल का, हा खरा गंभीर आक्षेप आहे आणि त्याला आपल्या देशात इतिहास आहे. एके काळी रक्त विकून पोट भरणारी माणसे शहरांतल्या रुग्णालयांभोवती असत. पैशाच्या गरजेपोटी आजार लपवून, पुरेसे अंतर न ठेवता ती रक्त देत. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 4 जानेवारी 1996 रोजी निकाल दिला. व्यावसायिक रक्तदात्यांची पद्धत दोन वर्षांत बंद करा, रक्तपेढ्यांना परवाना सक्तीचा करा, राष्ट्रीय व राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन करा, असे त्याने सांगितले. 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. त्याच्याही आधी, 1970 साली, ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी अमेरिकेतल्या विकतच्या आणि ब्रिटनमधल्या दानाच्या रक्ताची तुलना करून दाखवले होते, की पैसा मध्ये आला की रक्त असुरक्षित होते आणि देणाऱ्याची वृत्तीही बदलते. तेव्हा सावध राहण्याला कारण आहे.

पण रजेचा प्रश्न या सावध मंडळींनीही विचारात घेतला होता. युरोप परिषदेने 1995 मध्ये स्वेच्छेच्या विनामोबदला दानाची व्याख्या स्वीकारली. तिच्यात रोख पैसा निषिद्ध आहे आणि पैशाची जागा घेईल अशी वस्तूही. या दुसऱ्या प्रकारात कामावरची सुट्टी येते, पण एका अपवादासह. रक्त देण्यासाठी आणि त्यासाठीच्या प्रवासाला वाजवीपणे लागेल तेवढा वेळ मोबदला धरलेला नाही. अल्पोपाहार, छोटी आठवण-वस्तू आणि प्रवासखर्चही चालतो. ही रेघ मला फार शहाणपणाची वाटते. रक्त दिले म्हणून तीन दिवस सुट्टी दिली तर ती किंमत झाली. रक्त देण्यात गेलेला वेळ दात्याच्या पगारातून कापू नका, इतके म्हटले तर ती किंमत होत नाही, दात्यावरचा दंड तेवढा निघतो. आणि ‘वाजवी’ वेळ कोणाला किती, याचे उत्तर कामाच्या स्वरूपावर ठरते. भाषा संस्थेत शब्दकोशावर काम करणाऱ्याला तीन-चार तास, हमालाला 24. आपल्याच नियमांनी ते सांगितले आहे.

ज्या देशाने हे लवकर आणि नीट केले तो इटली. तिथे रक्तदात्यांची संघटना मिलान शहरात 1927 सालीच उभी राहिली होती. 1967 च्या कायद्याने नोकरदार दात्याला रक्त दिल्याच्या दिवशी भरपगारी विश्रांतीचा हक्क मिळाला. पगार मालक देतो आणि सामाजिक विम्याच्या राष्ट्रीय संस्थेकडून तो परत मिळवतो. म्हणजे दोन नोकरांच्या दुकानदारावर आणि दोन हजार कामगारांच्या कारखान्यावर या हक्काचा भार सारखाच, जवळपास शून्य. 2005 च्या कायद्याने आणखी एक बारकावा टिपला: दाता गेला पण तपासणीत अपात्र ठरला, तर त्या तपासणीत गेलेल्या वेळेचाही पगार कापायचा नाही. या सवलतीने खरेच फरक पडतो का, हे निकोला लाचेतेरा आणि मारिओ माचिस या अर्थशास्त्रज्ञांनी इटलीतल्या एका गावच्या दात्यांच्या सगळ्या नोंदी घेऊन तपासले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, रजेमुळे नोकरदार दाते वर्षाला सरासरी एक रक्तदान जास्त करतात, म्हणजे सुमारे 40 टक्क्यांची वाढ होते, असे दिसले. पोलंडमध्ये एका रक्तदानामागे एक दिवस मिळत असे. कोरोनाच्या काळात तो दोन दिवसांचा झाला आणि 2023 पासून तसाच कायम ठेवला गेला. दुसरा दिवस मला त्या ‘वाजवी’ रेषेच्या पलीकडचा वाटतो.

आपल्याकडे खाजगी नोकरीत याचा मार्ग कुठून जातो? बहुतेक ठिकाणी आजारपणाच्या रजेतून, आणि तोही चोरवाटेने. ‘बरे वाटत नाही’ असा निरोप पाठवून माणूस रक्त द्यायला जातो. वजन, नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन या सगळ्यांत उत्तीर्ण झाल्याशिवाय ज्याचे रक्त घेतच नाहीत, त्याला कामावर मात्र आजारी म्हणून कळवावे लागते. त्या दिवसाची रक्तपेढीची नोंद सांगते की हा माणूस धडधाकट होता. उद्या कोणी दोन कागद शेजारी ठेवले तर चांगल्या कामासाठी गेलेला माणूस खोटारडा ठरेल. प्रामाणिक माणसाला अशा पेचात टाकणारी व्यवस्था बदलायलाच हवी, आणि म्हैसूरमध्ये ती बदलायला नवा कायदा लागत नाही.

कर्नाटकाचा दुकाने व वाणिज्य आस्थापना कायदा 1961 चा आहे. दुकाने, हॉटेले, खाजगी कार्यालये, सॉफ्टवेअर कंपन्या सगळ्या त्याच्या कक्षेत येतात. त्याच्या 15 व्या कलमात कामगाराला वर्षाला 12 दिवसांपर्यंत भरपगारी रजा आहे, आजारपण किंवा अपघात या कारणासाठी, आणि त्यापुढे ‘अन्य कोणत्याही वाजवी कारणासाठी’ अशा अर्थाचे शब्द आहेत. लोक तिला आजारपणाची रजा म्हणतात आणि मालकही तशीच वागवतात, पण कायद्याने दार उघडे ठेवले आहे. रक्तदान हे वाजवी कारण नाही असे कोण म्हणेल? म्हैसूरच्या देवराज अर्स रस्त्यावरच्या कापडदुकानाच्या मालकाने किंवा हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने सूचनाफलकावर एवढेच लिहायचे, की रक्तदान हे या कलमाखाली वाजवी कारण मानले जाईल, आजारी असल्याचे सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रात चित्र थोडे वेगळे आहे. आपल्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची वेगळी रजा नाही. ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांत वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आहे, ती तिमाहीच्या हिशेबाने खात्यावर जमा होते आणि वर्षअखेर न वापरल्यास बुडते. म्हणजे इचलकरंजीतल्या किंवा नाशिकमधल्या दुकानातल्या माणसाला मुलाचा ताप, शाळेचा प्रवेश, गावची जत्रा आणि रक्तदान हे सगळे त्या आठांत बसवायचे.

तेव्हा आजारपणाच्या रजेतून रक्तदानाला परवानगी द्या ही मागणी योग्य आहे, पण पहिली पायरी म्हणून. त्यात एक खोट राहतेच. कर्नाटकातल्या त्या बारा दिवसांतले तीन-चार रक्तदानात गेले तर आजारी पडल्यावर तेवढे कमी उरतात. सर्वात नियमित दाता सर्वात कमी आजारपणाची रजा घेऊन बसतो. ज्याच्या घरी म्हातारे आई-वडील आहेत, लहान मूल आहे, तो हा हिशेब नक्की करतो आणि रक्तपेढीकडे फिरकत नाही. म्हणून जिथे मालकाची ऐपत आहे तिथे हा दिवस वेगळ्याच रकान्यात हवा, केंद्राच्या विशेष नैमित्तिक रजेसारखा.

केंद्राच्या परिपत्रकातही दोन जागा मला कच्च्या वाटतात. पहिली, ‘त्याच दिवसापुरती’. 1952 साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे यांनी शोधलेला बॉम्बे रक्तगट भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा असतो. महाराष्ट्र आणि कर्नाटकात त्याचे दाते तुलनेने जास्त आहेत. अशा दात्याला कोल्हापूरहून बंगळूरला किंवा बेळगावहून मुंबईला बोलावतात, आणि जायला एक, यायला एक असे दिवस जातात. दुसरी कच्ची जागा म्हणजे ‘दान केल्याचा पुरावा’. तपासणीत परत पाठवलेल्याकडे असा पुरावा नसतो, आणि परत पाठवले जाण्यात बायका जास्त असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी महाराष्ट्रात 54.2 टक्के आणि कर्नाटकात 47.8 टक्के रक्तक्षयी आढळल्या. रक्तक्षयाची रेघ 12 ग्रॅमची आणि दात्याची 12.5 ची, म्हणजे रक्तक्षयी नसलेल्यांतूनही काही जणी निळ्या द्रावणापाशी अडतात. अर्धा दिवस मोडून, उन्हातान्हात जाऊन हात हलवत परत आलेल्या बाईचा तो अर्धा दिवस बिनपगारी धरला तर ती पुन्हा येणार नाही. इटलीने 2005 मध्ये केले ते इथे करता येईल. रक्तपेढीने फक्त ‘हजर होत्या’ असा दाखला द्यावा. का परत पाठवले ते त्यावर लिहू नये. हे कारण मालकाला कळण्याचा प्रश्नच येता कामा नये, कारण प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते, आणि रक्त घेण्याआधीही दात्याला खाजगी प्रश्न विचारलेले असतात. दाखल्यातल्या एका शब्दावरून कचेरीत कुजबुज सुरू झाली तर पुढच्या वेळी तो माणूस प्रश्नावलीत खरे लिहिणार नाही, आणि त्याची झळ रुग्णाला बसेल.

कंपनीच्या आवारातच शिबिर भरवले की रजेचा प्रश्न सुटतो, असे पुष्कळांना वाटते. शिबिरांचे मोल कमी नाही. आपल्याकडे स्वेच्छा रक्तदानाची चळवळ उभी करणाऱ्यांत लीला मुळगावकर यांचे नाव अग्रभागी आहे. 1954 पासून त्यांनी मुंबईत शिबिरांतून लोकांना रक्त द्यायला शिकवले, जेव्हा रक्त दिल्याने अशक्तपणा कायमचा येतो अशी समजूत घरोघर होती. त्यांचे पती सुमंत मुळगावकर टेल्को या वाहन कारखान्याचे प्रमुख. कारखाना आणि रक्तदान यांची गाठ तेव्हापासून पडली आहे. शिबिरात एका दिवसात शंभर-दोनशे पिशव्या जमतात, कामगार चहा पिऊन तासाभरात जागेवर जातो. पण शिबिर रक्तपेढीच्या गरजेच्या दिवशी असेलच असे नाही, प्लेटलेटसाठीचे यंत्र शिबिरात नसते, आणि साहेब दारात उभे असताना ‘माझे रक्त घेऊ नका’ असे म्हणायला धैर्य लागते. एकटा, आपल्या मर्जीने, आपल्या दिवशी रक्तपेढीत गेलेला दाता ते सहज सांगतो.

राहिला मोठा प्रश्न, ज्याला रजाच नाही त्याचा. रोजंदारीवरच्या हमालाला सूचनाफलकाचा उपयोग नाही. पण कारखान्यांत, दुकानांत आणि कंत्राटदारांकडे महिना 21,000 रुपयांपर्यंत कमावणारे लाखो कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत. मालक पगाराच्या 3.25 टक्के भरतो, कामगार 0.75. आजारी पडल्यावर वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो, अर्थात डॉक्टरने काम करण्यास अक्षम म्हटले तरच. रक्तदाता अक्षम नसतो, म्हणून तो यात बसत नाही. मात्र याच योजनेत एक वाढीव आजारपण लाभ आहे. नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला 7 दिवस आणि स्त्रीला 14 दिवस पूर्ण पगार मिळतो. नसबंदी हा काही आजार नव्हे. निरोगी माणसाने समाजाला हव्या असलेल्या कामासाठी शरीराला थोडा त्रास दिला, तर त्याचे ते दिवस विम्याने भरून द्यायचे, हे तत्त्व आपल्या कामगार विम्याने केव्हाच स्वीकारले आहे. त्या यादीत रक्तदानाचा एक दिवस घालायचा, वर्षाला पुरुषाला चार आणि स्त्रीला तीन वेळा, परवानाधारक रक्तपेढीच्या दाखल्यावर. छोट्या मालकाला त्याची झळ लागणार नाही, कंत्राटी सुरक्षारक्षकाला त्याचा दिवस मिळेल, आणि 24 तास काम करू नकोस असे सांगणाऱ्या रक्तपेढीच्या डॉक्टरला ते पाळले जाईल याची खात्री राहील. विम्याबाहेरच्या हमालासाठी बाजार समित्यांना आणि हमालांच्या संघटनांना वेगळी सोय करावी लागेल, आणि ती माथाडी मंडळांमुळे महाराष्ट्रात अधिक सोपी आहे: 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांची नोंदणी, मजुरी आणि कल्याणनिधी एका मंडळाकडे आणला आहे, त्यामुळे रक्तदानाच्या दिवसाची मजुरी कोणी आणि कुठून द्यायची, हे ठरवायला तिथे एक जागा तरी आहे. बंडीपाळ्यात ती आधी उभी करावी लागेल.